डिफरन्शियल इक्वेशनचा पेपर: बडोदेकरांनो, तुम्हाला हा विषय कधी कळला?

पारिजात_बडोदा

नमस्कार. मी केमिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर दांडिया बाजारात. मिड-सेमला डिफरन्शियल इक्वेशनच्या (एखादी गोष्ट किती वेगाने बदलते ते सांगणाऱ्या समीकरणांच्या) पेपरात ३० पैकी ९ मिळाले. गणितात असे मार्क आजवर कधी पडले नव्हते. दोन दिवस घरात कुणाशी धड बोललेही नाही.

माझं नेमकं काय होतं ते सांगते. गणित समोर आलं की मी आधी त्याचा प्रकार शोधते. व्हेरिएबल वेगळे होतात का? होमोजिनिअस आहे का? लिनिअर, एक्झॅक्ट, बर्नुली, क्लेरो? प्रकार सापडला की पुढचं हात आपोआप लिहितो, नाही सापडला तर पान कोरं. आणि उत्तर आलं तरी ते कशाचं उत्तर आहे हे मला सांगता येत नाही. परवा पी.आय. (पर्टिक्युलर इंटिग्रल, उजव्या बाजूच्या फंक्शनमुळे येणारा उत्तराचा भाग) काढताना छेदात शून्य आलं. 'केस ऑफ फेल्युअर, एक्सने गुणा, खालच्याचं डेरिव्हेटिव्ह घ्या' हे पाठ होतं, म्हणून गुणलं. उत्तर बरोबर आलं. पण एक्सनेच का गुणायचं? वर्गात विचारलं तर 'परीक्षेला एवढंच येतं' असं सांगण्यात आलं.

तुमच्यापैकी ज्यांनी हा विषय केलाय त्यांनी कृपया अनुभव लिहा. पास कसे झालात ते सीनिअर सांगतातच. मला विचारायचंय की कळला कधी.

कलाभवन९४

मी चौऱ्याण्णवला इलेक्ट्रिकल करून बाहेर पडलो. पहिलं म्हणजे ९ मार्कांचं मनाला लावून घेऊ नकोस. दुसरं, प्रकार ओळखण्याला कमी लेखू नकोस. आम्ही एका वहीत शंभर गणितं फक्त ओळखायची म्हणून लिहिली होती, सोडवायची नाहीत. समोर इक्वेशन, बाजूला प्रकाराचं नाव, बस. पंधरा दिवसांत नजर बसली. नजर बसल्याशिवाय पुढचं कळायला डोकं मोकळं राहत नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे.

कळला कधी म्हणशील तर लॅबमध्ये. कॉइल, रेझिस्टन्स आणि कपॅसिटर जोडून सर्किट केलं होतं. सीआरओच्या (विजेची लाट दाखवणाऱ्या यंत्राच्या) हिरव्या पडद्यावर लाट उठली आणि विरत विरत सपाट झाली. वहीत आदल्याच आठवड्यात ऑक्झिलरी इक्वेशनची (डिफरन्शियल इक्वेशनवरून मांडलेल्या साध्या बीजगणिती समीकरणाची) मुळं कॉम्प्लेक्स आली होती आणि उत्तरात 'ई'चा उणे घात गुणिले कोसाइन असं लिहिलं होतं. पडद्यावर तेच होतं. घात म्हणजे विरणं, कोसाइन म्हणजे हेलकावा. रेझिस्टन्सची कळ फिरवली तर हेलकावा नाहीसा होऊन रेघ नुसतीच खाली आली: मुळं रिअल झाली होती. मी कळ पुढे-मागे फिरवत किती वेळ उभा होतो कोण जाणे.

मेकॅनिकलवाले स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचं हेच इक्वेशन लिहितात. वजनाच्या जागी कॉइल, घर्षणाच्या जागी रेझिस्टन्स, स्प्रिंगच्या ताठपणाच्या जागी कपॅसिटन्सचा व्यस्त. वस्तू दोन, इक्वेशन एक.

जुना_रिफायनरीवाला

पारिजात, मी कोयलीच्या रिफायनरीत पस्तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली, आता निवृत्त आहे. मला हा विषय कॉलेजात अजिबात कळला नव्हता. नोकरीत कळला, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा कळला.

तुला तो पूर आठवत असेल. पाऊस ओसरला तरी विश्वामित्री नदी चढतच होती. आमच्या सोसायटीतले लोक गच्चीतून विचारत होते, आभाळ मोकळं झालं, मग पाणी का वाढतंय? त्याचं उत्तर एका ओळीत आहे: साठ्याच्या बदलाचा दर म्हणजे आवक वजा जावक. पाऊस इथे थांबला, पण पावागढच्या बाजूचं आणि आजव्याच्या तलावाचं पाणी अजून वाटेत होतं. आवक कमी होत होती, तरी जावकीपेक्षा जास्तच होती. मग पाणी चढणारच. पाणी सर्वांत उंच कधी असतं? आवक सर्वांत जास्त असते तेव्हा नाही. आवक आणि जावक समान होतात त्या क्षणी.

दर आणि साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणसाचं मन त्यांची सारखी गल्लत करतं. कॉलमचा लेव्हल चढतोय म्हणून नवा ऑपरेटर घाबरून व्हॉल्व्ह एकदम बंद करतो आणि अर्ध्या तासाने दुसरीकडे अडचण उभी राहते. त्याला मी कागदावर हीच ओळ लिहून दाखवायचो.

आता तुला एक गणित देतो. तुझ्या पुस्तकात हे मिठाच्या पाण्याच्या टाकीचं म्हणून असेल. पुरानंतर आमच्या १०,००० लिटरच्या तळटाकीत घाण पाणी शिरलं. एका गृहस्थांचं म्हणणं, टाकी उपसायचा खटाटोप कशाला, वरून मिनिटाला ५० लिटर चांगलं पाणी सोडा, तेवढंच खालून जाऊ द्या, आपोआप साफ होईल. घाण पाण्यात पूर्ण मिसळलेली आहे, तळाशी बसत नाही असं धर. किती वेळात ती शंभरातला एक भाग उरेल? इक्वेशन तू मांड. सोडवायची घाई नको.

पारिजात_बडोदा

काका, तेव्हा आमच्या गल्लीत पाणी नव्हतं आलं, पण मावशी समा भागात राहते, तिच्याकडे तळमजला गेला होता. पाऊस थांबल्यावर ती फोनवर हेच म्हणत होती, 'आता कुठून येतंय?' तुमची ओळ वाचून अंगावर काटा आला.

इक्वेशन: घाण 'एस' धरली तर डी-एस बाय डी-टी बरोबर उणे ५०. बरोबर आहे का?

जुना_रिफायनरीवाला

नाही, पण ही चूक मोलाची आहे. ५० हे लिटर आहेत, आणि ते पाण्याचे आहेत. एस घाणीचे ग्रॅम आहेत. दोन्ही बाजूंची एककं लिहून बघ, जुळत नाहीत. मिनिटाला ५० लिटर पाणी बाहेर जातं. त्या ५० लिटरमध्ये घाण किती?

पारिजात_बडोदा

एका लिटरमध्ये एस भागिले १०,०००. म्हणजे ५० लिटरमध्ये एस भागिले २००. म्हणून डी-एस बाय डी-टी बरोबर उणे एस भागिले २००!

टाकी जितकी साफ होत जाईल तितकी साफ होण्याची गती कमी. म्हणून उत्तरात 'ई' येतो!

सोडवलं. २०० मिनिटांत, म्हणजे टाकीभर पाणी वाहून गेल्यावर, ३७ टक्के घाण उरते. मला वाटलं होतं शून्य उरेल. शंभरातला एक भाग उरायला ९२१ मिनिटं, सव्वापंधरा तासांहून जास्त. आणि पाणी ४६,००० लिटर.

जुना_रिफायनरीवाला

बरोबर. आणि उपसून, घासून पुन्हा भरायला १०,००० लिटर पुरतात. आम्ही उपसलीच. तुमच्या केमिकलच्या पुढच्या वर्षी रिअ‍ॅक्टर शिकशील, तिथे ढवळत्या टाकीचं हेच इक्वेशन रिअ‍ॅक्शनची एक टर्म वाढवून येईल. तेव्हा ही टाकी आठव.

वाडीतला

माझा अनुभव वेगळ्या बाजूचा. बारावीपर्यंत मी गुजराती माध्यमात होतो, घरी मराठी. शाळेत 'विकल समीकरण' शिकलो, बऱ्यापैकी आलंही. कॉलेजात पहिल्याच तासाला ऑर्डर, डिग्री, आर्बिट्ररी कॉन्स्टंट, इंटिग्रेटिंग फॅक्टर असा इंग्रजीचा मारा. पहिले दोन महिने मला गणित येत होतं आणि प्रश्न कळत नव्हता. 'शो दॅट' आणि 'व्हेरिफाय' यात काय फरक हे विचारायची लाज वाटायची. शेजारचा इंग्रजी माध्यमाचा मित्र मला वाक्य सांगायचा आणि मी त्याला गणित सोडवून द्यायचो. असे आम्ही दोघं पास झालो.

मराठीत याला अवकल समीकरण म्हणतात हे फार उशिरा कळलं. शब्द कुठलाही असो, आपल्या भाषेत एकदा ते वाक्य मनाशी म्हणून बघावं लागतं: 'अमुक किती भराभर बदलतंय, हे ते आत्ता किती आहे यावर ठरतं.' काकांनी टाकीचं तेच केलं. याच शहरात १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन काढलं तेव्हा त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह होता की तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेत द्यावं. शे-सव्वाशे वर्षांनंतर पहिल्या बाकावर बसून मला ते आठवायचं आणि वाईट वाटायचं.

गणितमावशी

मी कॉलेजात गणित शिकवत होते, आता घरी आहे. वाडीतला, तुझं म्हणणं अगदी पटलं. शिकवणारे म्हणून आमच्याकडूनही चुका झाल्या. ठरलेल्या तासांत अभ्यासक्रम संपवायचा, म्हणून इक्वेशन आयतं फळ्यावर लिहायचं आणि सोडवायचं. ते आलं कुठून हे सांगायला वेळ उरत नसे. मी स्वतः पहिली पाच-सहा वर्षं असंच शिकवलं आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पारिजात, तुला घरात करता येईल असा प्रयोग सांगते. विरजण लावायला दूध कोमट हवं, साधारण ४५ अंश. न्यूटनचा नियम असा की दूध आणि खोली यांच्या तापमानात जितका फरक, तितक्या प्रमाणात निवण्याचा वेग. जानेवारीत स्वयंपाकघर २५ अंशांवर आहे. ९५ अंशांचं दूध २० मिनिटांत ६० वर आलं, म्हणजे फरक ७० चा ३५ झाला, बरोबर अर्धा. मग ४५ वर यायला एकूण ३६ मिनिटं. आता तेच पातेलं मे महिन्यात. आपल्या बडोद्याच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघर ३८ ला सहज जातं. फरक ५७ पासून ७ पर्यंत खाली यायला हवा. लागतो जवळजवळ एक तास. आपल्या आज्यांना हे बोट बुडवून कळत होतं. तू थर्मामीटर घे.

पेंडुलम

छेदातल्या शून्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. (एम.एस्सी. फिजिक्स, दुसरं वर्ष.)

पारिजात, तुझ्या घरी झोपाळा आहे का? बडोद्याच्या जुन्या घरांत असतोच. सळ्या दोन मीटरच्या असतील तर तो एक हेलकावा पावणेतीन-तीन सेकंदांत घेतो. कुणी बसलं, उठलं तरी हा वेळ फारसा बदलत नाही. हा झोपाळ्याचा स्वतःचा ताल. तुझ्या वहीत तो सी.एफ. (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन) आहे, म्हणजे बाहेरून कुणी काही न करता जे होतं ते. उजव्या बाजूला लिहिलेलं फंक्शन म्हणजे पायाने दिलेला रेटा.

रेटा भलत्याच तालात दिला तर कधी झोपाळ्याला मदत होते, कधी विरोध. झोपाळा तुझ्या तालावर थोडासा हलत राहतो. तो साधा पी.आय. पण रेटा झोपाळ्याच्याच तालात दिला तर प्रत्येक हेलकाव्याला थोडी थोडी भर पडते, आणि झोका वाढत जातो. वेळेच्या प्रमाणात वाढतो. तो 'एक्स' म्हणजे ही वाढ! डी-स्क्वेअर (म्हणजे दोनदा डिफरन्शिएट करणं) अधिक चार, उजवीकडे साइन टू-एक्स, याचं उत्तर उणे एक्स कोस टू-एक्स भागिले चार. कोस हा झोका आणि पुढचा एक्स म्हणजे प्रत्येक फेरीला उंचावत जाणं. छेदातलं शून्य एवढंच सांगतं की 'ठरावीक उंचीचा झोका' हे उत्तर इथे चालणार नाही. याला 'फेल्युअर' म्हणणं मला कधी आवडलं नाही. संपूर्ण प्रकरणात सर्वांत जिवंत जागा तीच आहे.

खरा झोपाळा छताला लागत नाही, कारण कड्यांमध्ये घर्षण असतं आणि झोका मोठा झाला की ताल स्वतःच थोडा बदलतो. पण सुरुवातीचे पाच-दहा झोके मोजून बघ.

पारिजात_बडोदा

झोपाळा आहे. आत्ता जाऊन करून आले. डोळे मिटून रेटा दिला आणि झोका वाढताना पोटात जे होतं ना, तिथे मला तो एक्स कळला. पेंडुलमदादा, खूप खूप आभार.

कलाभवन९४

पेंडुलम, सुंदर लिहिलंस. तीस वर्षांत मला हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

पारिजात, याला जोडून एक सवय सांगतो. उत्तर आलं की परत इक्वेशनमध्ये घालून बघ. इंटिग्रेशनला युक्ती लागते, पण पडताळा घ्यायला फक्त डिफरन्शिएट करता यावं लागतं. हे उत्तर दोनदा डिफरन्शिएट कर: साइन टू-एक्स अधिक एक्स कोस टू-एक्स. त्यात उत्तराची चौपट मिळव. एक्सवालं पद उडतं, साइन टू-एक्स उरतं. उत्तर बरोबर की चूक हे तुझं तुलाच कळतं, कुणाला विचारावं लागत नाही. परीक्षेत यासाठी तीन मिनिटं राखून ठेव.

गोळीचूर्ण

फार्मसीवाली. आमच्याकडे रक्तातलं औषध उतरतं ते काकांच्या टाकीसारखंच, एस भागिले काहीतरी. पॅरासिटामॉल दोन-तीन तासांत निम्मं होतं, म्हणून दिवसातून तीन-चारदा. पण दारू शरीरातून साधारण ठरावीक वेगाने जाते. म्हणजे पारिजातने आधी लिहिलेलं 'उणे ५०' तिथे बऱ्यापैकी बरोबर ठरलं असतं!

तिसऱ्या_प्रयत्नात

इथे सगळे हुशार लोक लिहीत आहेत. मी हा पेपर तिसऱ्या प्रयत्नात काढला म्हणून माझंही लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल.

पहिल्या दोन वेळी मी गाईडमधली सोडवलेली गणितं वाचली. वाचताना सगळं कळत होतं आणि तेच घातक ठरलं. घोकंपट्टी कमी पडली नव्हती, हाताने लिहिणं कमी पडलं होतं. एटीकेटी लागल्यावर वडिलांना सांगायची हिंमत होत नव्हती, संध्याकाळभर सुरसागर तलावाच्या कठड्यावर बसून राहायचो. तिसऱ्या वेळी एका सीनिअरने अट घातली: उत्तर झाकायचं, रोज पाच गणितं, अडलं तर वीस मिनिटं अडूनच राहायचं. ती वीस मिनिटं फार कठीण जातात. पण जे आलं ते त्या वीस मिनिटांत आलं. ज्यांची एटीकेटी आहे त्यांनी इथे लिहा, मी रविवारी वेळ देऊ शकतो.

एक शंका मात्र अजून आहे. अस्तित्व आणि एकमेवतेचं प्रमेय कशासाठी शिकवतात? उत्तर असणार आणि एकच असणार, हे उघड नाही का?

गणितमावशी

तुझा प्रतिसाद मला या धाग्यात सर्वांत मोलाचा वाटला. तुझी शंकाही चांगली आहे.

बुडाला भोक असलेली बादली घे. पाणी गळण्याचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हा टॉरिचेलीचा नियम. भरलेली बादली कधी रिकामी होईल ते इक्वेशन सांगतं. आता मी तुला रिकामी बादली दाखवली आणि विचारलं की ही कधी रिकामी झाली? दहा मिनिटांपूर्वी, की काल? सांगता येणार नाही. इक्वेशनलाही सांगता येत नाही, उंची शून्य असेल तिथून मागे जाणारी उत्तरं अगणित आहेत. वर्गमूळ शून्यापाशी उभं चढतं, त्यामुळे लिपशिट्झची अट (चढ एका मर्यादेत राहण्याची) तिथे मोडते आणि एकमेवता जाते. काकांच्या टाकीत वर्गमूळ नव्हतं, म्हणून तिथे आजच्या घाणीवरून कालची घाण काढता येते. प्रमेय हा फरक सांगतं.

अंदाजे_बरोबर

कॉम्प्युटरवाला. बहुतेक इक्वेशन पेनाने सुटतच नाहीत, हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. वाय-डॅश (वायच्या बदलाचा दर, म्हणजे आलेखाचा उतार) बरोबर एक्स-वर्ग अधिक वाय-वर्ग. दिसायला किती साधं! पण नेहमीची फंक्शन आणि इंटिग्रेशन वापरून ते सुटत नाही, हे लिऊव्हिलने १८४१ मध्ये सिद्ध केलं. तरी त्याचं चित्र काढता येतं. आलेखाच्या कागदावर प्रत्येक बिंदूपाशी उताराची छोटी रेघ काढायची आणि रेघांच्या कलाने पेन्सिल न्यायची. ऑयलरची पद्धत म्हणजे हेच, पावलापावलाने. माझ्या वर्गात एका मॅडमनी सबंध तास फक्त रेघा काढायला लावल्या होत्या. तो तास वाया गेला असं तेव्हा अनेकांना वाटलं, आणि मला त्या पेपरातला तोच एक तास आठवतो.

पारिजात_बडोदा

दहा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले आहेत. मावशींचा प्रयोग केला. स्वयंपाकघर ३२ अंश, दूध ९२. दर दहा मिनिटांनी खोलीपेक्षा किती जास्त ते लिहिलं: ६०, ४४, ३४, २७, २२. नियमाप्रमाणे दर वेळी सारख्याच पटीने कमी व्हायला हवं. पण पहिल्या दहा मिनिटांत ०.७३ पट, मग ०.७७, ०.७९, ०.८१. सुरुवातीला दूध नियमापेक्षा जास्त वेगाने निवतंय. मी मोजताना चुकले का?

गणितमावशी

अजिबात चुकली नाहीस. गरम दुधावरून वाफ जाते, आणि जाताना उष्णता घेऊन जाते. ते नियमात धरलेलंच नाही. दूध जितकं गरम तितकी वाफ जास्त, म्हणून सुरुवातीलाच फरक दिसला. झाकण ठेवून पुन्हा कर. थर्मामीटरपुरती फट ठेव.

पारिजात_बडोदा

झाकण ठेवून केलं. ६०, ४८, ३८, ३१, २५. दर वेळी ०.८ च्या आसपास! पट ०.८ धरून पुढचं आधीच काढून ठेवलं: ४५ अंशांवर यायला सुरुवातीपासून ६९ मिनिटं. आजी आणि मी दोघी ओट्यापाशी घड्याळ घेऊन उभ्या होतो. ७२ व्या मिनिटाला थर्मामीटरने ४५ दाखवलं. आजीने त्याआधी बोट लावून पाहिलं होतं आणि 'आता लाव' म्हणाली होती, तेव्हा ७० वं मिनिट चालू होतं.

रीटेस्ट गुरुवारी आहे.